टोकभर चांदी

मांडवी, रत्नागिरी
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय मनू हिस,

उल्काचा सप्रेम नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुझे भाऊ बरे आहेत. खोकला गेला, पण संध्याकाळचं जेटीपर्यंत चालणं अजून बंदच आहे. दारातल्या बाकावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या लेकीचा शोधनिबंध कुठे छापून आला ते सांगतात. मासिकाचं नाव उच्चारता येत नाही, म्हणून 'इंग्लंडातलं मोठं' एवढंच. परवा मासेवालीला धरलं होतं. ती म्हणाली, "भाऊनू, इंग्लंडात छापलान तर पापलेट सवस्त होनार काय?" भाऊ खो खो हसले. कितीतरी दिवसांनी हसले. तेवढ्यासाठी तुझे आभार.

मोहर यंदा उशिरा आला. त्यात मधूनच ढग येतात आणि थ्रिप्सच्या किडीला निमित्त मिळतं. अनिल उजाडायच्या आत बागेत जातो आणि फवारणीचा वास अंगावर घेऊन परत येतो. घरात चहालासुद्धा औषधाची चव लागते. बाकी नवीन काही नाही.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन केला की तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतेस. डिसेंबरात मी तुला पानभर मेसेज पाठवला होता, त्यावर तू अंगठा पाठवलास. पिवळा अंगठा. मी बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत होते. कागदाला अंगठा लावून परत पाठवता येत नाही, म्हणून कागद.

आमच्या प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. आठ फेब्रुवारीला तुझा सत्कार आणि व्याख्यान ठरलं आहे, ते तुला माहीतच आहे. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही दोघी एका सरांच्या विद्यार्थिनी, पेपरवर तुमचंही नाव आहे, तेव्हा पाहुण्यांची ओळख तुम्हीच करून द्या. पण सोप्या भाषेत हं. नाहीतर पहिली रांग वड्याच्या वासाकडे तोंड करून बसेल." मी हो म्हटलं. घरी येऊन लिहायला बसले. जे लिहिलं ते इथे उतरवते:

'धातूतून वीज वाहते ती इलेक्ट्रॉनमुळे. इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा घेता येत नाही, त्याला ऊर्जेचे ठरलेले पट्टे असतात, आपल्याला रस्ते असतात तसे. काही मोजक्या पदार्थांत असे दोन पट्टे एका बिंदूत एकमेकांना भेटतात. त्यांना टोपोलॉजिकल सेमीमेटल म्हणतात. त्या बिंदूजवळचा इलेक्ट्रॉन वस्तुमान नसल्यासारखा पळतो, आणि पदार्थात थोडीफार खोट निघाली तरी पट्ट्यांची ही भेट मोडत नाही. एका नव्या स्फटिकात अशी भेट असायला हवी, हे डॉ. मनस्विनी यांनी गणिताने दाखवलं. पण नकाशावर दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसले म्हणून तिथे चौक असतोच असं नाही. एक रस्ता पुलावरून गेलेला असू शकतो. त्यासाठी हायवेवर जाऊनच बघावं लागतं.'

पुढचं वाक्य असायला हवं होतं: 'आणि त्यांनी ते जाऊन पाहिलं.'

ते माझ्याच्याने लिहवलं नाही.

मनू, त्या निबंधाबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून मी बसले होते. भाऊंची खुशाली कळवायची, कार्यक्रमाला येते आहेस ना विचारायचं, संपवायचं. पण आता निघालंच आहे तर सगळं पहिल्यापासून लिहिते. यातलं सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुला ते किती माहीत आहे याचीच मला खात्री उरलेली नाही.

मागच्या मे महिन्यात मी तुझ्या प्रयोगशाळेत आले. कॉलेजातल्या शिक्षकांना सुट्टीत संशोधन करू देणारी योजना, त्यातून. आंब्याचा ऐन हंगाम टाकून आले म्हणून सासूबाई बोलायच्या थांबल्या होत्या. तू मला तुझा तो नवा स्फटिक दाखवलास, तांदळाच्या कणीएवढा, चकचकीत. त्यातून करंट सोडायचा आणि करंटच्याच दिशेने चुंबकीय क्षेत्र लावायचं. साध्या धातूत रोध वाढतो. पट्टे खरोखर भेटत असतील तर तो घटतो. तुझ्या आलेखात तो मस्त घटत होता. तू त्या उताराकडे बोट दाखवून म्हणालीस, "उल्के, हे बघ, घसरगुंडी!" आणि मला मिठी मारलीस.

मग मी सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहिला. तारा वरच्या अंगाला चिकटवल्या होत्या, चांदीच्या लेपाच्या दोन बारीक ठिपक्यांनी. स्फटिक लहान, वेळ कमी, म्हणून ठिपके. असे ठिपके आता खूप जण लावतात, मला ठाऊक आहे. पण सरांनी आपल्याला पहिल्याच वर्षी काय बजावलं होतं? चुंबकीय क्षेत्रात करंट पसरत नाही, एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत बारीक धार धरून जातो. बाजूला मोजायला लावलेल्या तारांना तो लागतच नाही, आणि मीटर म्हणतो रोध घटला. सुपारीच्या बागेत पाटाचं पाणी मधल्या एका चरातून धावतं आणि कडेच्या आळ्यात हात घालणारा म्हणतो विहीर आटली, तशी गत. म्हणून टोकभर चांदी. स्फटिकाची दोन्ही टोकं लेपाने पूर्ण माखायची, म्हणजे करंट सगळ्या अंगाने आत शिरतो. टूथपिकला पापणीचा केस चिकटवून मी ते करायचे. तू वैतागायचीस. "हे भुवया कोरायचं काम तुझं, मी आपली पट्ट्यांची गणितं करते," म्हणायचीस. पाच वर्षं तुझ्या भुवया मी कोरल्या.

तर मे महिन्यात मी तोच स्फटिक घेतला, ठिपके पुसले, टोकं माखली आणि पुन्हा मोजलं. घसरगुंडी नाहीशी झाली. रेषा वर चढत गेली, कुठल्याही साध्या धातूसारखी. मी तुला आलेख दिला. तू म्हणालीस, "इंटरेस्टिंग. बघते हं." मी पुण्याहून एसटी पकडली.

नोव्हेंबरात निबंध छापून आला. घसरगुंडीसकट. तिसऱ्या जागी माझं नाव. मला न विचारता. आणि माझा आलेख? कुठेच नाही. पुरवणीत नाही, तळटीपेत नाही. अगं, चोरी सहसा उलटी होते. लोक काम उचलतात आणि नाव गाळतात. तू माझं नाव उचललंस आणि काम गाळलंस!

हेही मी गिळलं होतं बरं का. डिसेंबरातल्या मेसेजमध्ये त्याबद्दल विचारलं, अंगठा आला, तोही गिळला. म्हटलं, कामाच्या रगाड्यात फाईल राहून गेली असेल.

मागच्या रविवारी तुळसाबाई आल्या. सानवीची आई. सानवी म्हणजे माझी विद्यार्थिनी, जी मी तीन वर्षांपूर्वी तुझ्याकडे पीएच.डी.ला पाठवली. मे महिन्यात ती घरी गेली होती, म्हणून तुझ्याकडे आमची भेट झाली नाही. 'हिचे हात बघ,' असं मी तुला तेव्हा लिहिलं होतं. राजापूरच्या पलीकडून दोन एसट्या बदलून बाई आल्या आणि पायरीवरच बसल्या, आत येईनात. म्हणाल्या, "तुमी धाडलंत पोरीला, तुमीच इचारा. दिवाळीपास्नं घरात हाय. रजा हाय म्हनते. येवढी लांब रजा कोन देतो ओ?"

मी दुसऱ्या दिवशी तिच्या गावी गेले. ती अंगणात सातवी-आठवीच्या पोरांना गणित शिकवत होती. मला बघून उठली. पोरांना सुट्टी दिली. मग म्हणाली, "मॅडम, माझे हात वाईट आहेत."

तू तिला तोच परिणाम आणखी स्फटिकांत मोजायला लावलं होतंस. तिने एकामागून एक स्फटिक वाढवले, मोजले, आणि एकातही रोध घटला नाही. घटणार कसा? ती टोकभर चांदी लावत होती. मीच तिला इथे एम.एस्सी.च्या प्रकल्पात तसं शिकवलं होतं. आणि तू सगळ्या ग्रुपसमोर तिला म्हणालीस, "सानवी, तुझे हात नारळ सोलायला ठीक आहेत." सगळे हसले. तूही हसलीस. ती म्हणते की पहिलं हसू तुझंच होतं.

मांडवीत वाढलेली बाई राजापूरच्या पोरीला हे म्हणते! तुझे भाऊ नारळ सोलतात, मनू. अनिल सोलतो, माझा नवरा. पण राग त्याचा नाही. राग याचा आहे की त्या खोलीत एकटीचेच हात बरोबर होते, आणि तीच एकटी बॅग भरून घरी आली. आता ती कशालाही हात लावायला बिचकते. मला चहा दिला तो दोन्ही हातांनी कप धरून, लहान मूल धरतं तसा.

मला अजूनही म्हणायचं आहे की तू विसरलीस. माझी फाईल कुठेतरी गाडली गेली, तू ती उघडलीच नाहीस, आणि सानवीच्या आलेखांकडे बघताना तुला माझा आठवला नाही. एवढी एक जागा मी तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. तिथे ये. सानवीला स्वतः फोन कर आणि तिला सांग की तिची मोजणी बरोबर आहे. मासिकालाही तू स्वतःच लिही. आठ तारखेच्या आधी. भाषण मी अर्धं लिहून ठेवलं आहे, पुढचं वाक्य तुझ्यावर आहे.

उत्तराची वाट पाहते. अंगठ्याची नाही.

तुझी,
उल्का


पुणे
२६ जानेवारी २०२५

उल्के,

झेंडावंदन करून आत्ताच घरी आले आणि तुझ्या हौसेखातर कागदावर लिहायला बसले आहे. हाताला सवय राहिलेली नाही. अक्षर लागलं नाही तर फोन कर, नसलेल्या मीटिंगमधून उचलेन.

तुझं पत्र दोनदा वाचलं. छान लिहितेस. चहाचा कप, पायरीवरची आई, सगळं अगदी डोळ्यांसमोर उभं राहिलं. कथा लिहायला लाग, गंभीरपणे सांगते.

आता भौतिकशास्त्र. त्या स्फटिकात पट्टे भेटतात. मी ते गणित तीन वेगवेगळ्या पद्धतींनी केलं आहे. स्फटिकाची सममिती त्या भेटीचं रक्षण करते. तुझ्या चांदीच्या लेपाला विचारून ते पट्टे भेटत नाहीत. मोजणीत करंटची धार होते, मान्य. थोडी. सगळ्यांच्याच मोजणीत होते. या विषयातले निम्मे निबंध काढून बघ आणि किती जणांनी टोकं माखली आहेत ते मला कळव. माझ्याच एकटीच्या दारात का उभी राहतेस?

कारण मी तुझी आहे म्हणून. माहीत आहे मला.

तू इथून गेलीस तेव्हा मी तुला एक शब्द बोलले नव्हते. पीएच.डी. झाल्या झाल्या बाई निघाल्या, लग्न, बाग, समुद्र. मी राहिले. एक प्रयोगशाळा उभी करायला काय लागतं ते तुला कल्पनेतसुद्धा कळणार नाही. दर तीन वर्षांनी कमिटीसमोर जाऊन मी जिवंत आहे हे सिद्ध करायचं. मार्चअखेर माझ्या प्रोजेक्टचं भवितव्य ठरणार आहे. ग्रुपमधल्या पोरांची शिष्यवृत्ती त्यावर चालते. तू म्हणतेस तसं पत्र मी आज मासिकाला लिहिलं, तर त्यांनी जायचं कुठे? सगळ्यांनी तुझ्याकडे यायचं काय, आंबे पाडायला?

तुझं नाव घातलं, कारण बारा वर्षं तू तिथे प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत बसली आहेस आणि मला त्याचं वाईट वाटतं. तुझ्यासारखी स्फटिक वाढवणारी मी परत पाहिलेली नाही. वाटलं, निदान एकदा तुझं नाव त्या जागी छापलेलं दिसावं. त्याला तू चोरी म्हणतेस. ठीक आहे.

सानवीचं. बोलले मी तसं. ग्रुपमध्ये बोलतो आपण, सर आपल्याला याहून वाईट बोलायचे, आणि आपण कुठे बॅगा भरल्या? ही मुलं फार हळवी झाली आहेत. पण तिचं वर्ष वाया जाऊ नये असं मलाही वाटतं. तिला सांग, परत ये. मी तिला वेगळा विषय देते, नवं संयुग, कुणाशी तुलना नाही. मार्च जाऊ दे. मग वर्षभराने आपण तिघी मिळून 'अधिक काटेकोर मोजणी' म्हणून एक छोटा निबंध लिहू. तुझा आलेख त्यात पहिला घालू. कुणाचंही काही मोडत नाही. यात काय चूक आहे, ते मला शांतपणे सांग.

आणि ती राखून ठेवलेली जागा बिगा नको. मी विसरले असेन म्हणे! मला इतकी गबाळी समजतेस? तू एसटीत बसलीस त्याच दिवशी मी तुझी फाईल उघडली. दोन मिनिटांत समजलं. एका सॅम्पलवर, एका पाहुणीने सुट्टीत केलेल्या मोजणीवर पाच वर्षांचं काम थांबवायचं नाही, हे मी ठरवलं. ठरवलं, उल्का. विसरणं ही बेशिस्त माणसांची सोय आहे.

आठ तारखेला येते आहे. भाऊंसाठी येते आहे. त्यांच्या दारात या वयात तमाशा नको, एवढं तरी तू बघशील. तू त्यांच्या हातचा भात खाऊन वाढलीस.

मनस्विनी

ता. क. 'घसरगुंडी' मी म्हणाले होते ते खरं. त्या दिवशी मी खरंच खूश होते, आणि तू आलीस म्हणून जास्त.


मांडवी, रत्नागिरी
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मनू हिस,

तुझं पत्र पोचलं. भाऊ बरे आहेत. आठ तारखेसाठी त्यांनी कोट इस्त्रीला दिला होता, तो आणून त्यांच्या कपाटात लावला.

तू विचारलंस यात काय चूक आहे ते शांतपणे सांग. शांत मी होईपर्यंत थांबले असते तर हे पत्र पावसाळ्यात लिहावं लागलं असतं. म्हणून जसं जमेल तसं सांगते.

पट्टे भेटत असतील. मी कुठे नाही म्हणते? तुझ्या गणितावर माझा तुझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. पण निबंधात तू 'भेटायला हवेत' असं लिहिलेलं नाहीस. 'भेटताना पाहिले' असं लिहिलं आहेस. पाहिलेले नाहीत. जे पाहिलं ते तुझ्याच ठिपक्यांचं होतं, आणि ते तुला मे महिन्यातच कळलं होतं. बाकीच्यांच्या दारात का जात नाही म्हणतेस. त्यांच्या निबंधावर माझं नाव नाही!

मी निघून आले त्याचं तू आजवर कधी काढलं नव्हतंस, ते काढलंस, बरं झालं. मला इथे राहायचं होतं म्हणून मी आले. तुझ्या हरण्याजिंकण्याशी त्याचा संबंध नव्हता. प्रॅक्टिकलच्या वह्या तपासते, त्यात एक वही सानवीची होती. तुझ्या कीवेची मला गरज नाही, आणि तुला ती अशी छापून आणता येईल असं वाटलं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

तुझा प्रस्ताव मी सानवीपर्यंत पोचवला. तो दाबायचा हक्क मला नव्हता. शनिवारी तिच्या गावी गेले. तुळसाबाई कुळीथ पाखडत होत्या, त्या सूप हातात घेऊनच ऐकायला बसल्या. मी सांगितलं: मॅडम परत बोलावतायत, नवा विषय देणार आहेत, वर्षभराने तुझी मोजणी आणि माझा मे महिन्यातला तसाच आलेख छापू म्हणतात.

सानवी म्हणाली, "नवा विषय कशाला? जुन्याचं उत्तर आलंय की."

आणि हसली. पूर्वी प्रयोगशाळेत हसायची तशी, नाकातून. मला इतकं बरं वाटलं की पुढचा प्रश्न येणार हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"मॅडम, त्यांना माहीत होतं का? तुमच्या आलेखाचं?"

मनू, इथे मला खोटं बोलता आलं असतं. 'फाईल राहून गेली' एवढं म्हटलं असतं तर पोर ते मानायला तयार होती. माझ्या पहिल्या पत्रात मी तुझ्यासाठी तेच तर मागत होते. पण तू स्वतःच्या हुशारीपायी तेवढंसुद्धा ठेवलं नाहीस. मी म्हटलं, "हो, माहीत होतं."

हिशेब मांडावा तशी ती म्हणाली, "मे महिन्यात तुम्ही आला होतात. मला नारळाचं बोलल्या ते सप्टेंबरात. म्हणजे हसल्या तेव्हाही त्यांना माहीत होतं."

तुळसाबाईंना यातलं काही कळलं असेल असं मला वाटत नव्हतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि लेकीला विचारलं, "म्हंजी तुजं बराबर व्हतं?"

"होय गो आये."

"मग गप ऱ्हायलीस कित्याक?"

या प्रश्नाचं उत्तर सानवीने का द्यावं? ते तुझ्याकडे आहे. थोडं माझ्याकडेही असणार, कारण डिसेंबरात अंगठा आला तेव्हा मीही गप्पच बसले होते.

तुझ्या ग्रुपमधल्या पोरांचं तू लिहिलंस. त्यांचा विचार मी खरोखर केला. पण तीच पोरं उद्या ती घसरगुंडी शोधत बसतील. एकेकाचे स्फटिक कोरे निघतील, आणि तू एकेकाला सांगशील की त्याचे हात कशासाठी बरे आहेत. सानवी पहिली होती, एवढंच. मार्चपर्यंत थांबायचं, मग पुढच्या मार्चपर्यंत. असं थांबणं कुठे संपतं ते तुलाही सांगता येणार नाही.

आम्ही दोघी तिच्या अंगणात बसलो आणि लिहिलं. तिच्या लॅपटॉपमध्ये तिच्या सगळ्या मोजण्या आहेत, माझी मे महिन्यातलीही आहे. तिने प्रत्येक स्फटिकाच्या टोकांचे फोटो काढून ठेवले आहेत, इतकं स्वच्छ काम मी क्वचित पाहिलं आहे. शब्द फार नाहीत. ठिपके लावले की रोध घटतो, टोकं माखली की वाढतो, स्फटिक तोच. तुझ्या गणिताबद्दल एक वाक्य आहे: पट्ट्यांच्या भेटीचं गणित यामुळे खोटं ठरत नाही, फक्त ते अजून कुणी पाहिलेलं नाही. ते वाक्य सानवीने घातलं. मी काढणार होते, तिने काढू दिलं नाही. म्हणाली, "खरं आहे ते, राहू दे."

तिचं नाव पहिलं आहे. सोबत माझं वेगळं पत्र आहे, तुझ्या निबंधावरून माझं नाव उतरवावं म्हणून, आणि का ते.

हे सगळं आज सकाळी मासिकाकडे ईमेलने गेलं. तुला लिहिलेलं हे पत्र मी दुपारी पोस्टात टाकते आहे, म्हणजे तुला ते दोन दिवसांनी मिळेल. मुद्दाम असं केलं. आधी फोन केला असता तर तू मला समजावलं असतंस आणि मला ते पटलं असतं. तुझं मला नेहमी पटतं.

प्राचार्यांना सांगितलं की ओळख मी करून देणार नाही. बिचारे गोंधळले. "घसा बसलाय असं सांगू का मॅडम?" म्हणाले. म्हटलं, "सर, घसा ठणठणीत आहे." "मग आता कोण करणार?" "मराठीच्या सरांना सांगा, ते कुणाचीही करून देतात." कार्यक्रम रद्द करा असं मी सुचवलेलं नाही. व्याख्यान द्यायचं की नाही, आणि दिलंस तर त्यात काय सांगायचं, हे तुझं तू बघ. सानवी येणार आहे. मी तिला बोलावलेलं नाही, तिचं तिनेच ठरवलं. व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला वेळ ठेवतात का, असं मात्र विचारत होती.

राहता राहिले भाऊ. त्यांना मी काही बोललेले नाही. काल बाकावर त्यांच्या शेजारी बसले होते, त्यांनी आपणहून विचारलं, "काय गो, मनूचं आणि तुझं काही बिनसलं काय?" मी म्हटलं, "ती येईल तेव्हा तिलाच विचारा." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "लहानपणी मार खायची वेळ आली की तुझ्याकडे येऊन लपायची." मी उठून घरी आले. रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती, आणि तो राग फक्त तुझ्यावरचा होता असं मला म्हणता येणार नाही.

त्यांना सांगायचं काम तुझं आहे. शेजाऱ्यांकडून कळण्याआधी सांग. पनवेलहून जनशताब्दीने येतेस तर स्टेशनवर अनिल गाडी घेऊन येईल, तेवढं त्याच्याकडून मी वदवून घेतलं आहे. घरी गेल्यावर एकटीला जमेना, तर मला हाक मार. मी आपल्या दोन घरांमधल्या कुंपणापाशी असेन. तुझ्या बाजूने बोलणार नाही, पण येईन.

कळावे. लोभाचं काय करायचं ते या वेळी तू ठरव.

उल्का